आतली कडी

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासूत सकाळपासून घरं बघून बघून नीलिमा दमली होती. परदेशी माणसं नकोत, असं चार घरमालकांनी एजंटला गोड हसून सांगितलं होतं. पाचव्या घराच्या दाराशी तिचा नवरा विलास हळूच म्हणाला, "हसत राहा. आणि आई येणार आहे ते आत्ताच बोलू नकोस."

"गाल दुखायला लागलेत माझे," नीलिमा म्हणाली, आणि आत गेल्या गेल्या तिने हसत हसत सगळं सांगून टाकलं. दोन मुलं आहेत, पुण्याहून सासूबाईही येणार आहेत.

घरमालकीण ओकादाबाई नव्वदीच्या. त्या चक्क अस्खलित इंग्रजीत बोलू लागल्या. "माझा जन्म अमेरिकेतला. वडील तिथे जपानी चर्चचे पाद्री होते. जपानशी लढाई सुरू झाली तशी अमेरिकेने आम्हा सगळ्या जपान्यांना छावणीत डांबलं. सहा माणसांना एक खोली, आणि दाराला आतून कडी नाही. पाद्र्याचं घर म्हणून जो तो रडायला आमच्याकडेच यायचा. आई हसून प्रत्येकाला चहा द्यायची."

"आणि त्या स्वतः?" नीलिमाने विचारलं.

"तिला रडायला जागाच नव्हती."

ओकादाबाईंनी नीलिमाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग तिला हाताला धरून मागच्या छोट्या खोलीपाशी नेलं.

"या खोलीला आतून कडी आहे. जा, लावून घे. भाड्याचं मी तुझ्या नवऱ्याशी बोलते."