चेडोबाचं आवतण

बनूबाई गाता गाता थांबली.

तिच्यामागं बसलेल्या बायकाही थांबल्या. धवलारीण लग्नाच्या गाण्याची ओळ म्हणते आणि बायका ती तशीच उचलतात. आता उचलायला ओळच आली नव्हती. पाटावरचा प्रज्वल उघड्या अंगानं ताटकळत होता. आधी गावातल्या प्रत्येक देवाला, त्याच्या जागेचं नाव घेऊन, गाण्यातून आवतण जातं. एकही देव राहिला तर नवरदेवाला हळद लागत नाही.

नदीवरची गावदेवी झाली होती. टेकडीवरचा वेताळ झाला होता. राहिला होता वेशीवरचा चेडोबा.

"काय झालं बनूबाय, पाणी देऊ?" नवरदेवाची आई तुळशीनं विचारलं.

"पानी नको. हिंदुरावाला बोलव."

नवरदेवाचा बाप हिंदुराव पुढच्या खुर्च्यांवर बदलापूरच्या पाहुण्यांत बसला होता. तीन वेळचा सरपंच. ग्रामपंचायत आता नगरपालिकेत जाणार होती आणि त्याला नगरसेवक व्हायचं होतं. ज्यांच्या हातात तिकीट होतं, तेच हे पाहुणे. तो हसत उठून आला.

"काय काकी, आवाज बसला का?"

"चेडोबाला आवतण द्यायचं हाय. कुठं बसलाय तो आता? जागा सांग, हाक मारते."

चेडोबाच्या जागेवर सात मजल्यांची इमारत उभी होती. ती जागा बिल्डरला द्यायचा ठराव आला, तेव्हा ग्रामसभेत बनूबाईचा नवरा अनंता एकटाच विरोधाला उठला होता. "तिथं देव नाय, दगड हाय," म्हणत हिंदुरावानं त्याला कॉलर धरून बाहेर काढायला लावलं होतं. अनंता पुन्हा पंचायतीची पायरी चढला नाही. गेल्या वर्षी तो वारला.

"वेशीवरचा म्हणा ना, नेहमीसारखं," हिंदुराव हळू बोलला. बनूबाईच्या हातातल्या माइकनं ते साऱ्या मांडवाला ऐकवलं.

"वेस कुठं हाय? मना तं गेट दिसतं. वॉचमन उभा हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"काकी, नंतर बोलू. पोराची हळद आहे."

"पोरासाठीच इचारते. भलत्या जागी हाक मारली तं देव येल का?"

अर्धवट राहिलेलं आवतण पुढं न्यायला दुसरी धवलारीण येत नाही, हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तुळशी हळदीची वाटी धरून नवऱ्याकडं बघत होती.

"सांगा की सरपंच," पाहुण्यांतला एक घड्याळ बघत म्हणाला. "आम्हाला अजून दोन हळदींना जायचंय."

"पार्किंगखाली," हिंदुराव म्हणाला.

"कोनी गाडला?"

त्यानं पाहुण्यांकडं पाठ केली. "मी."

बनूबाईनं डोळे मिटून सूर धरला.

"हिंदुरावानं गाडलेल्या, पार्किंगखालच्या चेडोबा, हळदीला ये रं..."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग ओळ उचलली, शब्दाला शब्द. प्रज्वलला हळद लागली.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा हिंदुराव धवलारणीचा मान घेऊन आला: लुगडं, नारळ, तांदूळ. माइक बंद असल्याची त्यानं आधी खात्री केली.

"झालं मनासारखं? आता पुढच्या लग्नात ही ओळ नको, काकी. हवं ते माग."

"मी म्हातारी. पुढच्या लग्नाला असंन का नाय, कोन जानं." बनूबाईनं नारळ पदरात घेतला. "त्यांना सांग."

मांडवामागं बायका पुढच्या पंगतीसाठी पत्रावळ्या पुसत होत्या. हाताच्या लयीत त्यांची तीच ओळ चालली होती. त्यात तुळशीचाही आवाज होता.