काठाची साय

पायाखाली करकर झाली आणि शिगेहारू कमरेपर्यंत खाली गेला.

फुमियो दोन पावलं मागे होती. गोठ्यातली धार आटोपून नवराबायको उजाडता उजाडता नदीवर आले होते. पुलावरची गर्दी पाहून शिगेहारू म्हणाला होता, "तिथे ट्रायपॉडचं जंगल उगवलंय. चल, आपण खालून जाऊ." मधल्या वाहत्या पाण्यात क्रौंच एका पायावर झोपले होते. पाण्यावरून वाफ उठत होती. काठाला बर्फाची जाड साय धरली होती. तिच्यावरून तो पुढे सरकला होता, फोटोसाठी.

आता त्याचे कोपर बर्फावर होते आणि प्रवाह त्याचे पाय बर्फाखाली ओढत होता.

"पुढे येऊ नकोस," तो कुजबुजला. "ओरडूही नकोस. उडतील."

"मेले ते पक्षी!"

फुमियो पोटावर आडवी झाली. आपला ट्रायपॉड तिने त्याच्याकडे सरकवला. त्याने धरला. तिने ओढलं, तर तीच पुढे घसरली. छातीखाली बर्फ कुरकुरला.

"सोड. अगं, तूही येशील. सोड म्हणतोय ना!"

"गप्प बसा हो."

मग ती ओरडली. असेल नसेल तेवढा जीव एकवटून ओरडली.

सगळे क्रौंच एकदम उठले. आभाळ पांढरं झालं. पुलावरच्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या काचा त्यांच्यामागे वर वळल्या. फोटो काढल्याची खटखट तिला खालपर्यंत ऐकू येत होती. तिने पुन्हा हाक मारली. ती पक्ष्यांच्या कलकलाटात बुडाली.

पाणी शिगेहारूच्या छातीला लागलं. भुवया पांढऱ्या झाल्या. तो आता 'सोड' म्हणत नव्हता. त्यामुळेच ती जास्त घाबरली.

पुलावर एका माणसाने कॅमेरा खाली घेतला. काहीतरी ओरडत तो उतारावरून धावत सुटला. त्याच्यामागून आणखी दोघं, गाडी ओढायचा दोर घेऊन.

गाडीत हीटर घोंघावत होता. दोराने ओढून काढलेला शिगेहारू तिघांचे कोट पांघरून बसला होता. त्याचे दात कडकड वाजत होते. तो आवाज ऐकत फुमियो श्वास घेत होती.

दारात तो पुलावरचा माणूस उभा होता. त्याची नजर खाली होती.

"आजी, आधी मला ओंडकाच वाटला. फोटोत हे काळं काय आलंय, म्हणून मोठं करून पाहिलं..."

त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. सगळीकडे पंख. अगदी खाली, कोपऱ्यात, एक काळा ठिपका.

फुमियोने त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. माणसाने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. तिचा अंगठा निघेना.