मागचे पाच शब्द

"श्वास सुधारला की आठवणही सुधारते का, बघू. पाच शब्द सांगते. थोड्या वेळाने परत विचारीन," व्यायाम घेणारी ताई म्हणाली. "आणि मागे बसलेल्या काकू, तुम्ही सांगायचं नाही हं."

मास्तर नुकतेच दवाखान्यातल्या व्यायामाच्या सायकलवरून उतरले होते. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत होते. शेजारच्या सायकलवर शिंपीणबाई. तिलाही मास्तरांसारखंच दम लागायचं दुखणं.

"जमेल हो, मास्तर. आठ आठवडे पॅडल काय उगाच मारलं?"

हिला काय जातंय सांगायला! मागच्या खुर्चीत मास्तरांच्या बायकोने पिशवीचे बंद मुठीत आवळले. ताईने शब्द वाचले तेव्हा ती शिंपीणबाईकडेच बघत होती. घाम पुसायला रुमाल. रुमालावर हाताने भरलेली वेल. तसाच एक मास्तरांच्या खिशात.

ऐकायची गरजही नव्हती. पहिल्या दिवशीच्या चाचणीत मास्तरांना एकच शब्द आठवला होता. तिने पाचही पाठ करून ठेवले होते. दोन वर्षं झाली, मास्तरांचं वाक्य धापेत अर्ध्यावर अडायचं. उरलेलं अर्धं तिचं.

"हां, सांगा आता."

समोर भिंतभर आरसा. मास्तरांनी वर पाहिलं.

"दोरी."

कंदील, तिचे ओठ हलले.

"कावळा."

घोडा.

"पितळ. खिडकी."

विहीर. पिव...

ओठ थांबले. आरशात मास्तर तिच्याकडेच बघत होते.

"आणि सुई."

"पाचही बरोबर! आणि यादी नवी होती, बरं का काकू."

शिंपीणबाईने टाळी वाजवली. "सुई कशी विसरतील? शेजारी कोण बसतं!"

*

घरचा जिना. मास्तर पुढे, ती मागे. पिशवी आज मास्तरांकडे. मागितली तरी दिली नाही.

मधल्या वळणावर ते थांबले.

"दम लागला?"

"नाही. अगं, ते हे... बसून चालवतो ते... पॅडल असतं बघ..."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ कोरडं. श्वास संथ. डोळे मात्र हसरे.

"सायकल," ती म्हणाली.

"हां, सायकल." मास्तरांनी पिशवी तिच्या हातात दिली. "आणि ती शेजारची बाई, ती काय काम करते गं?"

ती दोन पायऱ्या पुढे गेली.

"मला नाही आठवत."