आबा वर्गात बसले

झुलाल आबा शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि आठवीचा वर्ग एकदम गप्प झाला. गुडघे बाकाखाली मावत नव्हते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"शिकवा मॅडम. मी ऐकाले येल शे."

दिपमाला मॅडमच्या हातातला खडू थबकला. आबा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. मॅडम वयात येण्याबद्दल शिकवतात, तेही मुलामुलींना एकत्र बसवून, अशी तक्रार त्यांच्याकडे गेली होती. अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात आबांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. ते नको म्हणाले असते, तर तास त्याच दिवशी बंद झाला असता.

तरी मॅडमनी शिकवायला सुरुवात केली. पाळी का येते, मुलांचा आवाज का फुटतो, कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं. मुलं आधी खुसखुसली, मग कान देऊन ऐकू लागली. आबांच्या कपाळावरची आठीही हळूहळू सैल झाली. तेवढ्यात रिद्धीने हात वर केला.

"मॅडम, माझ्या काकूला तिसरीही मुलगीच झाली. आजी तिच्याशी बोलत नाही. काकूचं काय चुकलं?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फळ्यावर आकृती काढली. "आईकडून फक्त एक्स येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे ते बापाकडून ठरतं. आणि बापाच्याही हातात ते नसतं."

"हाई पक्कं शे का मॅडम?" मागून आबांनी विचारलं.

"अगदी पक्कं, आबा."

आबा उठले. मुख्याध्यापक दारातच ताटकळत उभे होते. "तास चालू राहू द्या," एवढंच बोलून आबा चालू लागले.

आबांना चार मुली. प्रत्येक बाळंतपणानंतर त्यांच्या आईने त्यांच्या बायकोचा, कमलबाईंचा, उद्धार केला होता. मुलगा व्हावा म्हणून कमलबाईंनी कडू मुळ्या चघळल्या, अनवाणी जाऊन नवस केले. आबांनी आईला कधी अडवलं नाही. चौथीच्या वेळी तर तेच म्हणाले होते, "तुन्ह्या कुशीमा पोऱ्याच नही." पुढे मुली शिकल्या, चांगल्या घरी पडल्या, आबांना त्यांचं कौतुकही वाटू लागलं. पण ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतलं नाही.

आबा घरी पोचले तेव्हा कमलबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. आबा शेजारी टेकले. जुडीतल्या दोन-चार काड्या त्यांनीही निवडल्या.

"पोरी व्हयन्यात, त्यामा तुन्हं काहीच नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "ते मन्हाकडथीन व्हतं."

"माले ठाऊक शे."

"कव्हयपाइन?"

"धाकली नर्सिंग शिकाले धुळाले गयी ना, तव्हयपाइन. तिनीच सांगं."

आबांनी मनात वर्षं मोजली. तेव्हा आई जिवंत होती. त्यानंतरही कित्येक वर्षं कमलबाईंनी तिची बोलणी खाली मान घालून ऐकली होती.

"मंग तू बोलनी काब्रं नही?"

कमलबाई हसल्या. निवडलेली मेथी त्यांनी टोपलीत टाकली.

"लोके तुमले नावं ठेवतीन, म्हनीसन नही बोलनी. माले ते सवय व्हई गयथी."