लांब शिट्टी

"पय, मगन, पय!" मोतीलाल ओरडला. आणि लगेच, "आरे, मांगे ये! मांगे!"

चौदा वर्षांच्या मगननं पळता पळता बापाकडे पाहिलं. तेवढ्यात समोरच्या शिरपूर संघातल्या पोरानं त्याच्या पायातला चेंडू काढून नेला. ही तिसरी वेळ.

मोतीलाल एसटीत कंडक्टर. अमळनेरहून धुळ्याला गाडी आणली, स्टँडवर लावली आणि खाकी कपड्यांतच शेजारच्या मैदानावर आला. परतीची फेरी सव्वापाचला, म्हणजे हाताशी जेमतेम अर्धा तास. दोन वर्षं पोरगं मागे लागलं होतं, आबा, एकदा माझा खेळ बघायला या. आज शाळा-शाळांतला शेवटचा सामना होता. जिंकेल तो संघ नाशिकला जाणार होता, आणि मगनची शाळा एका गोलनं मागे होती. बरोबरी झाली तरी आधीच्या सामन्यांतल्या गोलांवर तीच नाशिकला जाणार होती.

दहा मिनिटांत मोतीलालनं चार जागा बदलल्या. आधी गोलच्या मागे, मग झेंड्यापाशी, मग पाण्याच्या माठाजवळ. खिशात हात घालून तो तिकिटाचा चिमटा उगाच टिकटिक वाजवत होता. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण रोज साठ उतारूंना 'पुढे सरका, पुढे सरका' करणाऱ्या माणसाला अकरा पोरांची काय मातब्बरी!

खेळाचे मास्तर गिरधर सर शेवटी त्याच्याजवळ आले. "मोतीलालभाऊ, तुमचा आवाज आला की तो खेळ सोडून तुमच्याकडे बघतो. त्याला खेळू द्या. तुम्ही नुसतं बघा."

"मंग मी काय डोया झाकीसन उभा शे का?" मोतीलाल तडकला. पण सर गेल्यावर ओशाळला. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं त्यानं रुमाल तोंडावर धरला.

आणि गंमत म्हणजे मगन खेळायला लागला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, चेंडू मित्राकडे देऊन पुन्हा घेतला. हे पोरगं आपलं? घरात पाण्याचा तांब्या नीट धरता येत नाही, ते हे? त्याला ओरडावंसं वाटलं. रुमाल त्यानं दातांत धरला. पाय मात्र ऐकत नव्हते. पोरगं पळेल तिकडे बाहेरून तोही सरकत होता.

शेवटची दोन मिनिटं राहिली. मगनकडे चेंडू आला. समोर फक्त एक उंच पोरगा आणि त्याच्यामागे गोलकीपर. मगन त्या उंच पोराच्या बाजूनं निसटला, तशी त्यानं मागून मगनची बनियन धरली. चांगली मुठीत धरून ओढली.

मोतीलालची नजर पोरावरून उडाली ती थेट पंचावर. पंच हलेना. आंधळा आहे की काय हा! दिवसाढवळ्या पोराला ओढतात, आणि हा तोंडात शिट्टी धरून नुसता बघतोय! रुमाल खाली पडला. मोतीलालचा हात छातीवरच्या खिशात गेला. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की कंडक्टर लांब शिट्टी मारतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. वीस वर्षांची सवय. पंचाकडे डोळे वटारून त्यानं छाती भरून शिट्टी फुंकली.

मैदान थांबलं. उंच पोरानं बनियन सोडली. गोलकीपरनं हात खाली टाकले. मगन मात्र थांबला नाही.

मग एकदम गलका झाला. मोतीलालनं मान वळवली तेव्हा चेंडू जाळीत होता आणि मगन दोन्ही हात वर करून नाचत होता.

पंच तावातावानं बाहेर आला. "शिट्टी कोणी मारली?" सगळ्या मैदानाची तोंडं त्या खाकी शर्टाकडे वळली. गिरधर सरांनी कपाळाला हात लावला. बाहेरच्या शिट्टीनं खेळ थांबला, म्हणून गोल धरता येणार नाही, असं पंचानं सांगितलं. त्यानं चेंडू पुन्हा मध्ये टाकून खेळ सुरू केला. दोन मिनिटांनी सामना संपला. शिरपूरची पोरं एकमेकांच्या अंगावर चढली. मगनच्या संघातला एक जण जमिनीवर पालथा पडून रडत होता.

मोतीलाल मैदानाच्या कडेच्या लिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला. रस्त्यावरून त्याच्या गाडीच्या लोटन ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, तरी त्याचा पाय उचलेना. पोरगं आता काय बोलेल, चार लोकांत तोंड फिरवून जाईल की काय, या धास्तीनं तो खिशातला चिमटा टिकटिक वाजवत होता.

मगन धापा टाकत आला. बनियनचा काखेखालचा भाग फाटला होता.

"मनी चूक व्हयनी रे, मगन," मोतीलाल खालच्या मानेनं म्हणाला. "मनामुळे तुम्हनं नाशिक गयं."

"ते ऱ्हाऊ द्या, आबा." पोराचे डोळे ओले होते, पण त्यात राग नव्हता. "पन गोल ते गया ना जाळीमा? तुम्ही देखा ना?"

"देखा ना!" मोतीलाल घाईघाईनं म्हणाला. "मस्त मारा रे तू!"

मगनचा चेहरा फुलला. तो बापाच्या आणखी जवळ सरकला.

"मंग सांगा बरं, कोनता पायघाई मारा? डावा का उजवा?"

मोतीलालनं पोराच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय सारखेच धुळीनं माखले होते.