बेचाळीस फूट तार

"कॉपी म्हणा नाहीतर ढ म्हणा. पण काहीतरी एक म्हणा, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

सरांनी उत्तरपत्रिका पुन्हा डोळ्यांजवळ नेली. आकडे तेच होते. ऑफिसच्या भिंतीला टेकून टिकली उभी होती. कपाळावर जन्मापासून एक तीळ होता म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणत. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, दोन कोरे कागद समोर ठेवले होते. कॉपी ठरली तर टिकलीचं नाव शाळेतून कमी होणार होतं. ढ ठरली तर तिला पुन्हा चौथीत बसावं लागणार होतं. तिच्या बाबांना निरोप गेला होता आणि ते अजून आले नव्हते.

सरांना काही ठरवता येईना. पाच गणितं होती, सगळी परिमितीची, आणि सगळी सरांनी स्वतः रचलेली. पुस्तकातली आयताची आकृती पाहून मुलं जांभया देतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधी त्यांनी सुतळी आणली आणि टेबलाभोवती गुंडाळायला सांगितली. मुलांनी ती शिपायाभोवती गुंडाळली. मग सरांनी सुतळीचा नाद सोडला आणि फळ्यावर लिहिलं, 'परिमिती म्हणजे कुंपणाला लागणारी तार.' हे मात्र मुलांच्या डोक्यात बसलं असं वाटलं होतं. टिकली तर त्या दिवशी पहिल्यांदा हसली होती.

आणि आता हे. शेताला सातशे फूट तार लागायला हवी होती, हिनं सहाशे नव्वद लिहिली होती. बागेला एकशे चाळीसच्या जागी एकशे सदतीस. कोंबड्यांच्या खुराड्याला अठ्ठावीसच्या जागी सव्वीस. शाळेच्या मैदानाला चारशेच्या जागी तीनशे अठ्ठ्याऐंशी. सरांनी घरी वहीभर आकडेमोड करून पाहिली होती. एखादी बाजू विसरली असेल? नाही. हातचा चुकला असेल? तेही नाही. कुठे दहा कमी, कुठे तीन, कुठे दोन, कुठे बारा. चुकांनी निदान एकसारखं तरी असावं. आपल्याला शिकवताच येत नाही, ही तीस वर्षांची जुनी शंका सरांच्या मनात पुन्हा येऊन बसली होती.

त्यात पाचवं गणित. चौकोनी विहीर, एक बाजू साडेसात फूट, चारी बाजूंनी दीड फूट जागा सोडून कुंपण. भल्याभल्यांनी तिथे छत्तीस लिहून हात टेकले होते. सगळ्या वर्गात बेचाळीस हे बरोबर उत्तर फक्त दोघींचं होतं. एक पहिल्या नंबराची मुलगी आणि दुसरी तिच्याच शेजारी बसणारी टिकली.

"सोपी चार चुकतात आणि अवघड एक बरोबर येतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला तर सरळ दिसतंय."

सरांनाही दिसत होतं. पण कॉपीच करायची तर पाचही का नाही केली, हे त्यांना उमगत नव्हतं. सकाळी त्यांनी तिला एकटीला बसवून पाचही गणितं पुन्हा सोडवायला दिली होती. उत्तरं पुन्हा तीच आली होती, बेचाळीससुद्धा; ते तेवढं पाठ झालं असेल, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. चुकलं कुठे ते सांग, असं त्यांनी चारदा विचारलं. चुकलं नाही, एवढंच ती म्हणाली होती. नंतर तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

एवढ्यात बाबा आले. कामावरूनच आले होते. खिशात पक्कड, हातांवर बारीक ओरखडे. घरांना, शेतांना तारेचं कुंपण घालायचं, हेच त्यांचं काम. मोठ्या बाईंनी बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. सरांनी चाचरत सगळं सांगितलं आणि उत्तरपत्रिकेचा कागद त्यांच्या हातात दिला.

बाबांनी कागद लांब धरून वाचला. एकेका गणितावर बोट ठेवत, ओठ हलवत. मैदानापाशी बोट थांबलं.

"बारा सोडलेस?" त्यांनी लेकीला विचारलं.

"शाळेची बस आत यायला नको का, बाबा?"

"आणि शेताला दहा?"

"ट्रॅक्टर."

बाबांनी मान हलवली आणि कागद सरांना परत दिला. मग जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, "फाटकावरून तार नेत नाही ना आम्ही, सर. खुराड्याला पण दोन फुटांचं दार लागतंच."

सरांनी पाटी पुसावी तसा तळहात टेबलावरून फिरवला. फळ्यावरचं ते वाक्य त्यांच्याच अक्षरात त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. कुंपणाला लागणारी तार. शेत, बाग, खुराडं, मैदान. टिकली सोडून वर्गातल्या एकानंही आत जायचा विचार केला नव्हता, आणि सरांनीही नाही.

मोठ्या बाई मात्र अजून कागदाकडेच बघत होत्या. त्यांनी विहिरीच्या गणितावर पेन टेकवलं.

"मग इथे काहीच कसं सोडलं नाहीस?" त्या म्हणाल्या. "हे पूर्ण बेचाळीस कुठून आणलंस?"

टिकलीनं आधी बाबांकडे पाहिलं, मग सरांकडे. इतक्या मोठ्या माणसांना एवढं साधं कसं कळत नाही, हे तिला समजेना.

"विहिरीला फाटक ठेवलं तर पोरं आत पडतील ना," ती म्हणाली.