सुटणारी गाठ

शालेय नाट्यस्पर्धेत रंगमंचव्यवस्थेचे पारितोषिक पडद्यामागे राबणाऱ्या ताईला जाहीर झाले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. “जा की ताई, लाजतेस काय नव्या नवरीसारखी?” विंगेत तिच्याशेजारी उभा असलेला नाटकातला नायक हसला. “वरच्या दिव्यांच्या दांडीचा दोर मीच बांधलाय. आज तू पाहुणी!” तिने झटकन वर दांडीकडे पाहिले. नाटकात कैद्याला बांधण्यासाठी, एका हिसक्यात सुटणारी गाठ तिनेच त्याला शिकवली होती. दुसरी त्याला येतच नव्हती. तो दोर बांधलेल्या विंगेतल्या खुंटीकडे ती झेपावली, तोच गाठ सुटली. तळवे सोलत सरकलेला दोर तिने कसाबसा रोखला. “धावा!” ती ओरडली, पण टाळ्यांत तिचा आवाज बुडाला. तोवर तिच्याऐवजी नायकच मंचावर पोचला होता. “आमची ताई भारी लाजाळू,” म्हणत त्याने मानचिन्ह स्वीकारले, आणि छायाचित्रासाठी साऱ्या मुलांना हाका मारून बरोबर दांडीखाली उभे केले. दोर तिच्या हातांतून आणखी वीतभर निसटला.